पानावरून ओघळणारें औषध

कांद्याच्या पिकावर फुलकिडे पडले म्हणजे शेतकरी औषध आणतो, पंप पाठीवर घेतो व सारें शेत फवारून काढतो. तरीहि कीड आटोक्यांत येत नाहीं, आणि दोष औषधाला दिला जातो. आमच्या मतें अशा वेळीं प्रथम पातीकडे पाहावें. पुष्कळदां औषध पातीवर राहिलेलेंच नसतें. तें थेंबाथेंबानें जमिनीवर ओघळून गेलेलें असतें, आणि त्याबरोबर पैसाहि.

असें कां होतें, हें समजण्यास एक सोपा प्रयोग करावा. वाटींत स्वच्छ पाणी घेऊन त्यावर कोरडी बारीक सुई अलगद आडवी ठेवावी. पोलाद पाण्याहून सुमारें ८ पट जड. तरी सुई तरंगते. ह्याचें कारण पाण्याचे कण एकमेकांस ओढून धरतात. आंतील कणास ही ओढ सर्व बाजूंनीं असते. पृष्ठावरील कणास वरून ओढणारें पाणीच नसतें, म्हणून तो आंत खेचला जातो व पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. ह्यास पृष्ठताण म्हणतात. २५ अंश सेल्सिअस उष्णमानास शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरास सुमारें ७२ डाइन असतो. आतां साबण लावलेलें बोट त्या पाण्यास लावावें. सुई तत्काळ बुडते. साबणानें हा ताण निम्म्याहूनहि खालीं येतो.

हा विषय केवळ पंडितांचा आहे असें मानूं नये. जर्मनींतील आग्नेस पोकेल्स ह्या बाईंनीं विद्यापीठाचें शिक्षण नसतां, घरकाम सांभाळून, पाण्याच्या पृष्ठावरील तेलकटपणानें ताण कसा बदलतो हें मोजलें. त्यांचें पत्र १८९१ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

कांदा, कोबी, अळू ह्यांच्या पानांवर मेणासारखा लेप असतो. पाणी मेणास धरीत नाहीं. थेंब स्वतःच्या ताणानें गोल होतो व कांद्याच्या उभ्या पातीवरून घरंगळतो. ताण कमी केला म्हणजे तोच थेंब पसरतो, आणि फुलकिडे जेथें दडतात त्या पातींच्या बेचक्यांत शिरतो. याकरितांच औषधांत 'स्टिकर' म्हणून विकला जाणारा द्रव मिसळतात.

त्याऐवजीं धुण्याचा साबण मात्र घालूं नये. विहिरीचें पाणी जड, म्हणजे क्षारांचें, असल्यास साबणाचा साका होऊन नोझल तुंबतें. शिवाय साबणाच्या क्षारानें कांहीं औषधें निकामी होतात. स्टिकरहि वाजवीपेक्षां अधिक झाल्यास औषध एकसारखें पसरून खालीं वाहून जातें. म्हणून त्याचें प्रमाण बाटलीवरील चिठ्ठी वाचूनच ठेवावें.

फवारणीपूर्वीं तांब्याभर पाण्यांत त्याच प्रमाणानें स्टिकर मिसळून पातीवर थोडें शिंपडावें. थेंब पसरून पात ओली राहिली तर काम साधलें. गोल होऊन घरंगळला तर प्रमाण पुन्हां तपासावें. ह्या परीक्षेस घटकाभरहि लागत नाहीं. ती न केल्यास किडीसाठीं आणलेलें औषध मातीस पाजल्यासारखें होतें.