कड्याची पडझड व पायथ्याचा घसारा

मिरजगांवच्या शिवारांत उभे कडे नाहींत. मग दरडींची चर्चा येथें कशाला, असें कोणी वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, त्यानें आपल्या विहिरींत डोकावून पाहावें. वर माती, तिच्याखालीं मुरूम, मग कठीण काळा पाषाण, व कांहीं ठिकाणीं त्याच्याहि खालीं पुन्हा मऊ खडक लागतो. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोले तालुक्यांत, हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा याच घडणीचा आहे; विहीर जें चार-पांच परसांत दाखविते, तें तो शेंकडों फुटांत दाखवितो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा मुलूख बनला.

या थरांची झीज सारखी होत नाहीं. मऊ थर पावसानें कुजून आंत खचत जातो आणि त्यावरील कठीण थर छज्ज्यासारखा पुढें राहतो. पाषाण निवतांना त्यांत उभ्या भेगा पडलेल्याच असतात. त्यांत पाणी शिरतें, वड-पिंपळाचीं मुळें पाचरेप्रमाणें रुततात. हिमालयांत भेगेंतील पाण्याचा बर्फ होऊन खडक फुटतो. आपणांकडे तो पाहुणा येत नाहीं, पण पाऊस त्याची उणीव भासूं देत नाहीं. एके दिवशीं आधार सुटतो व धोंडा खालीं येतो.

असे दगड पायथ्याशीं सांचून घसारा होतो. मोठे धोंडे दूर गडगडतात, बारीक चुरा कड्यालगत राहतो. सुटा दगड सुमारें पस्तीस अंशांच्या उतारावर विसावतो. खालून चार पाट्या मुरूम काढला म्हणजे वरचा भाग खालीं येऊं पाहतो. खळ्यावर राशीच्या बुडांतून धान्य उपसणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको.

जुन्या घसाऱ्यावर माती धरते, ओल टिकते, म्हणून लोक तेथें पीक घेतात, घरेंहि बांधतात. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवीं ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं अतिवृष्टीनें डोंगरउतार सुटला आणि १५१ माणसें दगावलीं. तेथें कड्याचे धोंडे आले नाहींत. कुजलेल्या खडकाची माती पाण्यानें जड होऊन आली. उतार सपाट करून काढलेल्या खाचरांकडेहि कांहीं अभ्यासकांनीं बोट दाखविलें. पोटापुरती जमीन करूं पाहणाऱ्यास दोष देणें आम्हांस जड जातें. परंतु उताराचा पाया कापला गेला, तर तो हेतु पाहत नाहीं.

आमच्या कर्जत तालुक्यांत पाऊस थोडा, म्हणून धोकाहि त्या मानानें थोडा. तथापि तो थोडा पाऊस पुष्कळदां एक-दोन सरींतच कोसळतो, आणि टेकडीच्या बुडाशीं मुरुमासाठीं यंत्रानें उभी कापलेली भिंत त्याच सरींत ढांसळते. अशा भिंतीखालीं जनावरें बांधूं नयेत. कापणेंच प्राप्त असेल तर पायऱ्या ठेवून कापावें. दुसरी गोष्ट पाण्याची. समतल चर खणून पाणी मुरविणें माळावर हिताचें आहे, परंतु सैल घसाऱ्यावर तेंच अपायकारक होतें. तेथें माथ्यावर चर काढून पाणी बाजूच्या पक्क्या ओढ्याकडे वळवावें. उतारावर नवी भेग दिसली, झाडें कललीं, किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर सामानाची वाट न पाहतां माणसें व गुरें तेथून हलवावीं आणि तलाठ्यास त्याच दिवशीं वर्दी द्यावी.