सॉलिटेअर की रमी? मोबाइलवरचे पत्ते ओळखायचे कसे

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर नागपूरची गाडी लेट झाली की बाकावरचे सगळेच मोबाइल काढतात. गेल्या महिन्यात मीही काढला आणि सॉलिटेअरचा डाव मांडला. शेजारी बसलेल्या काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “बाबू, हा पैशाचा खेळ तर नाही ना?” त्यांच्या पुतण्याने धानाच्या चुकाऱ्याचे पैसे ऑनलाइन रमीत घालवले होते. तेव्हापासून मोबाइलवर पत्ते दिसले की त्यांच्या पोटात गोळा येतो.

माझ्या खेळात पैसे नव्हते. पण त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण दोन्ही खेळ दिसायला सारखेच.

सॉलिटेअर म्हणजे काय?

बदाम सात खेळला असाल तर अर्धा सॉलिटेअर तुम्हाला येतोच. तिथे सत्तीपासून रंग लावतात, इथे एक्क्यापासून राजापर्यंत. फरक एवढाच, की समोर कोणी नसतं. 28 पत्ते सात ढिगांत असतात. त्यातले फक्त सात उघडे, 21 उपडे. उरलेले 24 बाजूला. ढिगात काळ्यावर लाल, लालवर काळा असे उतरत्या क्रमाने पत्ते रचायचे, खालचे उपडे पत्ते मोकळे करायचे आणि चारही रंग वर लावून टाकायचे. एक डाव पाच-दहा मिनिटांत आटोपतो. क्लोंडाइक नावाचा हा प्रकार 1990 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 3.0 सोबत घरोघरी पोहोचला. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे टाकायची सवय लोकांना लागावी, हा त्यामागचा एक हेतू. तो लिहिला होता वेस चेरी नावाच्या इंटर्नने!

डाव अडला तर चूक कोणाची?

बऱ्याचदा तुमची, पण नेहमी नाही. 52 पत्ते पिसण्याचे प्रकार मोजले तर 68 अंकी संख्या येते. म्हणजे नीट पिसलेला डाव याआधी जगात कोणी खेळलेला नसण्याचीच शक्यता जास्त. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी संगणकावर तपासलं, तेव्हा सगळे पत्ते आधीच माहीत असतील तर क्लोंडाइकचे सुमारे 82 टक्के डाव सुटू शकतात, असं निघालं. आपल्याला ते माहीत नसतात, म्हणून आपण त्याहून कितीतरी जास्त हरतो. काही अ‍ॅप फक्त सुटणारेच डाव देण्याची सोय ठेवतात. मला ते बेचव वाटतं, पण ज्याची-त्याची आवड.

याचाच भाऊ फ्रीसेल. त्यात सगळे पत्ते उघडे, त्यामुळे नशिबाला दोष देता येत नाही. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये नेट बंद असायचं तेव्हा आमचा तोच आधार होता. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये 32 हजार क्रमांकित डाव होते आणि त्यातला 11982 क्रमांकाचा सुटतच नाही. हे कळण्याआधी त्या डावात माझी एक अख्खी दुपार गेली होती.

मग गोंधळ कुठे होतो?

फुकटच्या पत्त्यांच्या अ‍ॅपमध्ये जाहिराती येतात आणि त्यात पत्त्यांचेच दुसरे खेळ दिसतात. एका टचवर तुम्ही भलतीकडे पोहोचता. जुलै 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. गेम आपोआप आला, आपण तो बंद करत होतो, असं सांगत त्यांनी तो फेटाळला. त्याच महिन्याच्या अखेरीस कृषी खातं दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेलं.

रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटलं होतं. अ‍ॅपवाले अनेक वर्षं त्याचाच हवाला देत होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. कौशल्य असो वा नशीब, जिंकण्याच्या आशेने पैसे लावले की तो ‘ऑनलाइन मनी गेम’. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

पण सॉलिटेअर नाव असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. दोघांना एकच डाव द्यायचा, दोघांकडून पैसे घ्यायचे आणि ज्याचे गुण जास्त त्याला बक्षीस, असा पैशाचा सॉलिटेअरही असतो. त्यामुळे नाव पाहू नका. वॉलेट, पॅन किंवा बँक खातं मागितलं की तिथेच थांबा.

काकूंना हे सगळं सांगायला वेळ नव्हता. त्यांच्या फोनमध्येही पुतण्याने टाकून दिलेला एक पत्त्यांचा गेम होता. तो उघडला. वॉलेट नव्हतं, खातं मागत नव्हता. नेट बंद केलं, तरी चालू राहिला. पैशाच्या खेळाला नेट लागतंच. गाडीची घोषणा झाली तेव्हा काकू काळ्या राणीवर लाल गुलाम सरकवत होत्या.