एसक्यूएल सर्व्हरचं अनअटेंडेड इन्स्टॉलेशन : सेटअप चालवण्याआधीची तयारी

मी वरठीचा. भंडारा रोड स्टेशन ज्या गावात आहे, तेच हे वरठी. मी ज्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करतो ते तुमसर-मोहाडी भागातल्या काही राइस मिलमध्ये चालतं. दिवाळीनंतर धानाची आवक सुरू झाली की मिलचा कॉम्प्युटर दिवसा रिकामा मिळतच नाही. काट्याची पावती, गेटपास, बिल सगळं त्याच्यावर. त्यामुळे डेटाबेस सर्व्हर टाकायचा तर रात्री, समोर कोणी नसताना.

याला अनअटेंडेड इन्स्टॉलेशन म्हणतात. सेटअप स्क्रीनवर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून द्यायची, एवढीच कल्पना. गोम अशी की चुकीचं उत्तरही सेटअप मुकाट्याने घेतो आणि ते कळतं सकाळी, ट्रॅक्टर रांगेत उभे असताना.

आपण एसक्यूएल सर्व्हर 2022 ची मोफत एक्सप्रेस आवृत्ती धरू. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून येणारी छोटी फाइल बाकीचं सगळं नेटवरून ओढते. मिलमधल्या नेटवर विसंबू नका. त्याच फाइलमध्ये 'डाउनलोड मीडिया' हा पर्याय आहे. पूर्ण सेटअप घरीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या.

उत्तरांची फाइल हाताने लिहायची गरज नाही. आपल्या कॉम्प्युटरवर सेटअप नेहमीसारखा चालवा, हवे ते पर्याय निवडा आणि 'रेडी टू इन्स्टॉल' या पानावर थांबा. तिथे खाली कॉन्फिगरेशन फाइलचा पत्ता दिसतो. फाइल कॉपी करा, सेटअप कॅन्सल करा. मग नोटपॅडमध्ये उघडून 'क्वाएट' ट्रू करा, 'यूआय मोड'ची ओळ काढून टाका (दोन्ही एकत्र चालत नाहीत) आणि लायसन्स मान्य असल्याची ओळ घाला. पासवर्ड या फाइलमध्ये येत नाहीत, आणि ते बरंच आहे. 'एसए' अकाउंटचा पासवर्ड सेटअपच्या कमांडसोबतच द्यायचा.

आता खरा विचार करायची जागा, कोलेशन. अक्षरांची तुलना आणि क्रम कसा लावायचा याचा हा नियम. तुम्ही काही लिहिलं नाही तर सेटअप तो विंडोजच्या सिस्टिम लोकेलवरून ठरवतो. म्हणजे अमेरिकन इंग्रजी असलेल्या मशीनवर एक आणि ब्रिटिश इंग्रजीवर दुसरा. आपला डेटाबेस एका कोलेशनचा आणि सर्व्हर दुसऱ्याचा झाला, की टेम्पररी टेबल जोडताना 'कोलेशन कॉन्फ्लिक्ट'ची एरर येते. नंतर सर्व्हरचं कोलेशन बदलायचं तर सिस्टिम डेटाबेस नव्याने बांधावे लागतात. म्हणून ही ओळ फाइलमध्ये स्वतः लिहाच. (शेतकऱ्यांची नावं मराठीत ठेवायची असतील तर कॉलम 'एनव्हारचार' ठेवा, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.)

दुसरी जागा ॲडमिनची. एक्सप्रेसमध्ये 'करंट युजर'ला ॲडमिन करायची सोय आहे. पण सेटअप टास्क शेड्युलरमधून सिस्टिम अकाउंटवर चालवला तर करंट युजर म्हणजे सिस्टिमच! ॲडमिन कोण ते नाव घालून लिहा.

एक्सप्रेसमध्ये टीसीपी सुरुवातीला बंद असतं. काट्यावरचा दुसरा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर 'टीसीपी एनेबल्ड' 1 करा. फायरवॉल सेटअप उघडत नाही, त्याचा नियम वेगळा घालावा लागतो. डिफॉल्ट इन्स्टन्स असेल तर पोर्ट 1433. डेटा डी ड्राइव्हवर टाकणार असाल तर डी आहे का तेही बघा. जुन्या मशीनवर डी म्हणजे डीव्हीडी निघते.

मशीन विंडोज 11 ची आणि नवीन एनव्हीएमई डिस्कची असेल तर अजून एक. डिस्कचा सेक्टर 4096 बाइटपेक्षा मोठा दिसत असेल तर सगळं कॉपी होतं, पण शेवटी डेटाबेस इंजिन सुरूच होत नाही. 'एफएसयूटिल' कमांडने आधी तपासा. मायक्रोसॉफ्टने यासाठी रजिस्ट्रीतला उपाय दिलाय, तो करून रिस्टार्ट करा. विंडोज अपडेटचा रिस्टार्ट बाकी असेल तरी सेटअप अडतो, म्हणून रिस्टार्ट तसाही संध्याकाळीच करून ठेवा. यूपीएसची बॅटरी किती टिकते तेही तेव्हाच पाहून घ्या.

सेटअपने परत दिलेला कोड 0 असेल तर झालं, 3010 असेल तर झालं पण रिस्टार्ट हवा. दुसरा कुठलाही आला तर 'सेटअप बूटस्ट्रॅप'च्या लॉग फोल्डरमधली समरी फाइल उघडा. कोड 0 आला तरी मी काट्यावरच्या कॉम्प्युटरवरून एक कच्ची पावती काढून बघतो.