माणदेशच्या कळपांसाठी शिकलेला विषाणू

दिवाळी उरकली की माण, आटपाडी, जत या माणदेशी भागातल्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडे, वाटेला लागतात. पाऊस घाटमाथ्यावरच झडतो, माणदेशात पोहोचेपर्यंत ढगांत फारसे काही उरत नाही. थंडी सुरू होता होता माळावरचा चारा संपतो. मग घोड्याच्या पाठीवर संसार बांधायचा, वाघरी, म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी, गुंडाळायची आणि मेंढरे घेऊन बागायती पट्टा गाठायचा. रात्री शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि मृगाचा पाऊस पडला की गावाकडे परतायचे. घरची सगळी पुंजी अशी सहा-सात महिने रस्त्याने चालत असते.

या पुंजीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. आजारी जनावराचा श्वास, शिंक, नाका-तोंडातला स्राव यांतून विषाणू शेजारच्या जनावराच्या नाकात जातो. चार-सहा दिवसांनी ताप १०४-१०५ अंश फॅरनहाइटवर चढतो. नाकातून आधी पाणी, मग घट्ट पिवळा शेंबूड वाहतो आणि वाळून नाकपुड्या बुजवतो. हिरड्यांवर फोड येतात, हगवण लागते, खोकला सुरू होतो. विषाणू प्रतिकारशक्तीच्या पेशीच मारतो. एरवी घशात निमूट राहणारे जिवाणू मग फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया जनावराला संपवतो. पूर्वी लागण न झालेल्या आणि लस न मिळालेल्या कळपात साथ शिरली, तर दहापैकी नऊ जनावरेही दगावू शकतात. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

पीपीआरचा विषाणू गाईगुरांच्या बुळकांडीच्या आणि माणसांतल्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद आहे. तिघांची घडण एकसारखी: चरबीयुक्त आवरणात आरएनएचा एकच धागा, त्यावर सहा जनुके. १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात तो ओळखला गेला त्यानंतर साडेचार दशकांनी, आणि त्या कामात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विषाणुशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. शैला यांचा वाटा मोठा आहे.

१९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावी मेंढ्यांत साथ आली. लक्षणे थेट गुरांच्या बुळकांडीसारखी होती. दोन्ही विषाणू इतके जवळचे, की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखतात आणि साध्या चाचणीत गफलत होते. शैला आणि सहकाऱ्यांनी हा विषाणू बुळकांडीचा नसून पीपीआरचा असल्याचे दाखवले. १९८९ मध्ये ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व केवळ नोंदीपुरते नव्हते. देश तेव्हा गुरांची बुळकांडी संपवण्याच्या मागे लागला होता. मेंढरांतली प्रत्येक साथ बुळकांडीच्या खात्यात पडली असती, तर रोग संपला की नाही हे कधीच कळले नसते.

पुढचा टप्पा विषाणूची वंशावळ लावण्याचा होता. १९९६ मध्ये शैला यांनी आफ्रिका आणि युरोपातल्या संशोधकांसह ठिकठिकाणच्या विषाणूंच्या एकाच जनुकाचे तुकडे शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांचे चार वंश मांडले. भारतातला विषाणू चौथ्या, आशियाई वंशाचा. तोवर हा रोग देशाच्या दक्षिणेतून उत्तरेतही पोहोचला होता. अशी वंशावळ हाताशी असली, की नवी साथ कुठून आली याचा माग काढता येतो.

लसीची गोष्ट मात्र पुण्यापासून सुरू होते. १८८९ मध्ये गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी तिथे बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून गुरांसाठी लस तयार केली. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी हेच काम काचपात्रातल्या पेशींवर केले. या लसींच्या बळावर २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचे जाहीर झाले. माणसांतल्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग.

बुळकांडीची लस मेंढरांना पीपीआरपासूनही वाचवत असे. पण बुळकांडी संपल्याची खात्री करायची, तर कोणत्याच जनावराच्या रक्तात तिची प्रतिपिंडे सापडता कामा नयेत, म्हणून ती वापरणे थांबले आणि पीपीआरची स्वतःची लस निकडीची झाली. १९९६ मध्ये हिमाचलातल्या सुंगरी इथल्या एका आजारी शेळीतला विषाणू मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत आणला गेला. तिथे तो व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर सोडण्यात आला. सूक्ष्मदर्शकाखाली हे काम स्पष्ट दिसते. सपाट पसरलेल्या पेशी गोल होतात, एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी होते आणि शेवटी काचेचा तळ सोडून तरंगू लागतात. तो द्रव नव्या पेशींवर घालायचा आणि पुन्हा वाट पाहायची. असे साठेक वेळा झाले, तेव्हा माकडाच्या पेशींना सरावलेला विषाणू शेळीला आजारी पाडण्याची ताकद गमावून बसला होता. शरीराला स्वतःची ओळख करून द्यायला मात्र तो पुरेसा होता. हीच ‘सुंगरी ९६’ लस. अरसूरच्या विषाणूपासूनही तमिळनाडूत अशीच लस तयार झाली.

शैला यांच्या गटाने आणखी एक वाट धरली, आणि ती माणदेशातल्या कोणालाही पटकन कळेल अशी आहे. विषाणूच्या आवरणावर एचएन नावाचे प्रथिन असते. त्याच्या साहाय्याने तो पेशीला चिकटतो. या प्रथिनाचे जनुक त्यांनी भुईमुगाच्या झाडात बसवले आणि झाडातले प्रथिन मेंढ्यांना तोंडावाटे दिले. मेंढ्यांच्या रक्तात विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे तयार झाली. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुईशिवाय, चाऱ्यातून लस देता येईल, ही शक्यता त्यातून पुढे आली. ती अजून शेतापर्यंत आलेली नाही, पण कळपाच्या रोजच्या जगण्याला जुळणारी लस शोधावी हा विचार मोलाचा आहे.

आज हाताशी असलेली लसही उत्तम आहे. एक मिलिलिटर कातडीखाली टोचली, की किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. या विषाणूचा प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच प्रकार आहे, त्यामुळे एक लस चारही वंशांवर चालते. बरे झालेले जनावर रोग वाहून नेत नाही. उन्हात विषाणू फार काळ तग धरत नाही. म्हणूनच पीपीआर २०३० पर्यंत जगातून संपवण्याचे उद्दिष्ट २०१५ मध्ये ठरले. भारतानेही २०१० पासून नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आहे.

मग अडते कुठे? गाय-बैल वर्षानुवर्षे दावणीला राहतात. मेंढरांचा कळप झपाट्याने बदलतो. बोकड विकले जातात, म्हाताऱ्या मेंढ्या जातात, नवी कोकरे येतात. यंदा सगळा कळप टोचला, तरी पुढच्या वर्षी त्यातला मोठा हिस्सा लस न मिळालेला असतो. कोकरांना पहिले तीन-चार महिने आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे असतात. ती लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, म्हणून त्याआधी टोचून उपयोग नसतो. शिवाय लस नाजूक असते. शिशीच्या तळाशी ती वाळवलेल्या पांढऱ्या वडीसारखी असते. द्रावणात मिसळल्यावर बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. माळावर, उन्हात, शंभर मेंढरे आवरत हे करणे सोपे नाही.

यातून माणदेशासाठी एक सरळ वेळापत्रक निघते. वाडे बाहेर पडण्याआधी, दसरा ते दिवाळी या काळात गावोगाव लसीकरण व्हावे. वाटेवर जन्मलेली कोकरे पावसाळ्यात गावी येतात तेव्हा चार महिन्यांची झालेली असतात. त्यांच्यासाठी जून-जुलैत दुसरी फेरी हवी. मेंढपाळ ज्या जिल्ह्यात उतरतो, तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्याने त्याच्याकडची लसीकरणाची नोंद पाहावी आणि राहिलेली जनावरे टोचावीत. आटपाडीसारख्या बाजारात दूरदूरची जनावरे नाकाला नाक लावून उभी राहतात. तिथे विकत घेतलेले जनावर दोन-तीन आठवडे कळपापासून वेगळे बांधावे. नाक वाहणारे, तापलेले जनावर दिसले की १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आणि १ कोटीहून अधिक शेळ्या आहेत. त्यांतल्या बहुतेक ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे जमीन थोडी आणि पाणी त्याहून थोडे. विषाणू ओळखणे, त्याचे वंश लावणे, लस घडवणे हे काम शास्त्रज्ञांनी आयुष्य घालवून केले. उरलेले काम पशुसंवर्धन खात्याचे, ग्रामपंचायतींचे आणि मेंढपाळांचे आहे. बुळकांडी याच देशात अशाच लोकांनी संपवली. पीपीआरही संपू शकतो, फक्त लसीची पेटी दिवाळीआधी वाड्यावर पोहोचली पाहिजे.