बालकांतील दीर्घकालीन संधिवात : स्वरूप, निदान व उपचारातील सातत्य
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना
संधिवात हा उतारवयातील आजार होय, असा समज समाजात दृढ आहे. वस्तुतः तो बालवयातही होतो. इंग्लिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्येच बालकांतील या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले होते. प्रस्तुत लेखात या आजाराचे स्वरूप आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील उपचारसातत्याचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

स्वरूप व लक्षणे
वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला व अन्य कारण न आढळलेला सांध्यांचा दाह म्हणजे बालसंधिवात. बहुतांश प्रकारांत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील आवरणावर आघात करते. आवरण जाड होते, सांध्यात द्रव साचतो आणि उपचाराअभावी कूर्चा व हाड झिजते. मूल सकाळी लंगडते व दुपारपर्यंत मोकळे चालू लागते. त्यामुळे तो शाळा चुकविण्याचा बहाणा समजला जातो. काही बालकांत डोळ्यांच्या आत दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. तथापि दृष्टी कायमची जाऊ शकते.

निदान
या आजाराचे निश्चित निदान करणारी एकही रक्तचाचणी नाही. प्रौढांच्या तपासणीत उपयोगी पडणारा 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर' बहुसंख्य बालकांत आढळत नाही. सांध्याचा क्षय, जंतुसंसर्ग, संधिज्वर व रक्ताचा कर्करोग ही कारणे आधी वगळावी लागतात. सहा आठवड्यांचा निकष आजाराला नाव देण्यासाठी आहे, वाट पाहण्यासाठी नव्हे.

उपचार व सातत्य
दाहशामक औषधे, सांध्यातील स्टिरॉइडचे इंजेक्शन, मेथोट्रेक्सेट, जैविक औषधे आणि व्यायाम हे उपचाराचे प्रमुख घटक होत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास ते घातक ठरते. रक्ताची व डोळ्यांची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते.

नेमकी येथेच जिल्ह्याची परिस्थिती आड येते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. पाथर्डी, जामखेड यांसारख्या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळा-अंगणवाड्यांत तपासणी होते. परंतु पथक येते त्या दिवशी मूल फडात असेल तर ते तपासणीतून सुटते. उपचार सुरू असलेल्या मुलाचीही औषधे व तपासण्या याच काळात खंडित होण्याची शक्यता असते.

निष्कर्ष
आजार लवकर ओळखून उपचार अखंड राहिल्यास बहुतेक मुलांचे अपंगत्व टाळता येते. बालपणी सुरू झालेला हा आजार अनेकदा कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत सोबत येतो. पहिल्या तासिकेस नेहमी उशीर होणाऱ्या, जिना चढताना थांबणाऱ्या वा लेखणी धरताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याकडे प्राध्यापकांनी शिस्तीच्या आधी आरोग्याच्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. तसेच स्थलांतरित कुटुंबासोबत उपचाराची कागदपत्रे व पुढील तपासणीची तारीख जाईल, एवढी दक्षता शिक्षणसंस्थांना सहज घेता येईल.