वकील नाही म्हणून न्याय अडू नये

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्यांना ती पायरी टाळता येते त्यांनी ती अवश्य टाळावी. परंतु जिला मुलांसह घराबाहेर पडावे लागले आहे अशी स्त्री, किंवा कमावता मुलगा असूनही ज्यांच्या चुलीत विस्तव नाही असे वृद्ध आईबाप, यांच्यापुढे प्रश्न शहाणपणाचा नसतो; तो उद्याच्या जेवणाचा असतो. त्यांना ती पायरी चढावीच लागते. आणि चढताना पहिली धास्ती वाटते ती न्यायाधीशांची नव्हे, तर वकिलाच्या फीची.

या धास्तीपायी कित्येक रास्त दावे दाखलच होत नाहीत. पैसे नाहीत म्हणून बायका माहेरी वर्षानुवर्षे गप्प बसतात, आणि मुलांची शाळा सुटते. वस्तुतः अशा माणसांसाठी आपल्या कायद्याने दोन दारे उघडी ठेवली आहेत. एका दाराने वकिलाशिवाय आत जाता येते. दुसऱ्या दाराने सरकारच्या खर्चाने वकील मिळतो. ही दोन्ही दारे कोठे आहेत आणि ती कशी ठोठवावी, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

वकिलाशिवाय उभे राहण्याची सोय

पहिले दार म्हणजे कुटुंब न्यायालय. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने विवाह, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा व पालकत्व यांविषयीचे तंटे एका स्वतंत्र न्यायालयाकडे सोपविले. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत असे न्यायालय स्थापन करणे राज्य सरकारांवर बंधनकारक आहे. इतर ठिकाणी ते गरजेप्रमाणे स्थापन होते. जेथे ते नाही तेथे घटस्फोटाचा दावा दिवाणी न्यायालयात व पोटगीचा अर्ज प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो.

या अधिनियमाचे तेरावे कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कुटुंब न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क कोणाही पक्षकारास आपोआप मिळत नाही, असे ते सांगते. येथे वकील नसणे हा अपवाद नसून तोच मूळ नियम आहे. न्यायाधीशांस आवश्यक वाटल्यास ते एखाद्या विधिज्ञाचे साहाय्य घेऊ शकतात. पुराव्याच्या बाबतीतही हे न्यायालय नेहमीच्या काटेकोर नियमांनी बांधलेले नाही. तंट्याचा निर्णय करण्यास उपयोगी पडेल असे कोणतेही कागदपत्र वा निवेदन ते विचारात घेऊ शकते. पक्षकारांपैकी एकाने जरी इच्छा दर्शविली, तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. चारचौघांत घरची लक्तरे टांगली जातील, या भीतीने मागे राहणाऱ्यांना हा मोठाच दिलासा आहे.

मात्र हेतू कितीही उदात्त असला, तरी व्यवहारात अडचणी येतात. पतीने परवानगी घेऊन निष्णात वकील उभा केला आणि पत्नी एकटीच उभी राहिली, तर तराजूची पारडी सारखी राहत नाहीत. अशा वेळी दुसरे दार ठोठावावे.

हा उपकार नव्हे, हक्क आहे

गरिबांना कायद्याचे साहाय्य मिळावे हा विचार आपल्या देशात बराच जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी एक समिती नेमली होती. १९५८ साली विधि आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात त्याचा आग्रह धरला. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हा अनुच्छेद घातला गेला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही नागरिक न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने मोफत विधिसाहाय्य पुरवावे, अशी त्याची आज्ञा आहे. पुढे १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण अधिनियम आला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या अधिनियमाच्या बाराव्या कलमात मोफत साहाय्यास कोण पात्र आहे याची यादी दिली आहे. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची कोणतीही अट नाही. पतीला भरपूर पगार आहे, किंवा भावाचे दुकान आहे, एवढ्या कारणाने कोणत्याही स्त्रीला परत पाठविता येत नाही. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या व्यक्ती आणि आपद्‌ग्रस्त लोक यांचाही त्या यादीत समावेश आहे. याखेरीज, ज्याचे वार्षिक उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत आहे अशा कोणाही व्यक्तीस हे साहाय्य मिळते. ही मर्यादा राज्याराज्यांत निरनिराळी आहे. तेव्हा गरीब पतीलाही, आपल्या मुलाला भेटू दिले जात नाही म्हणून आलेल्या बापालाही, हे दार मोकळे आहे.

साहाय्य म्हणजे केवळ वकील नव्हे. अर्जाचा मसुदा करणे, न्यायालयाचे शुल्क भरणे, नोटिशीचा खर्च देणे, कागदपत्रांच्या प्रमाणित नकला मिळविणे, इतकेच नव्हे तर आवश्यक तेथे कागदपत्रांचे भाषांतर करून घेणे, हे सारे त्यात येते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे नांदणाऱ्या आपल्या लेकीसुनांना ही शेवटची सोय विशेष मोलाची वाटेल. कारण त्यांची कागदपत्रे बहुधा मराठीत असतात आणि तेथील न्यायालयांची भाषा वेगळी असते.

कोठे जावे, काय न्यावे

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, व जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधि सेवा समिती असते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. अर्ज स्थानिक भाषेत देता येतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे. ते लिहून घेण्याची व्यवस्था आहे. उत्पन्नाविषयी सामान्यतः स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरले जाते.

समजा, एका गृहिणीला दोन मुलांसह माहेरी राहावे लागत आहे आणि पती खर्चाला काही पाठवीत नाही. तिने लग्नाचा दाखला, तो नसल्यास लग्नपत्रिका व छायाचित्रे, मुलांचे जन्मदाखले, शिधापत्रिका आणि पतीच्या नोकरीविषयी वा मिळकतीविषयी जी काही माहिती असेल ती बरोबर न्यावी. घरभाडे, दूध, औषधे, शाळेची फी असा महिन्याचा खर्च एका कागदावर मांडून न्यावा. पोटगीच्या कामात हा साधा कागद फार उपयोगी पडतो.

पोटगीची जी तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आली आहे. पत्नी, मुले आणि आईबाप या सर्वांना तिचा आधार घेता येतो. एके काळी दरमहा पाचशे रुपयांहून अधिक पोटगी देता येत नसे. ती मर्यादा २००१ साली उठविण्यात आली. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते, आणि त्या अर्जाचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत व्हावा असे कायदा सांगतो. म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्यावा. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन महत्त्वाचे दंडक घालून दिले : दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे व देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर करावी.

अर्ज कोठे करावा हाही प्रश्न असतो. पत्नी सध्या जेथे राहते तेथेच तिला पोटगीचा अर्ज करता येतो. हिंदू विवाह कायद्याखालील तिचा स्वतःचा दावाही २००३ सालच्या दुरुस्तीमुळे तिच्या राहत्या ठिकाणी दाखल करता येतो. पतीने परराज्यात दावा लावला असेल, तर तो आपल्या गावाजवळ वर्ग करावा असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात करता येतो. आणि त्या कामी दिल्लीतील वकीलही सर्वोच्च न्यायालय विधि सेवा समितीमार्फत विनामूल्य मिळू शकतो. जिच्याजवळ गाडीभाड्याचे पैसे नाहीत तिने दर तारखेला शेकडो मैल जावे, ही कायद्याची अपेक्षा नाही.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट तारखेची. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूम होऊ शकतो. पोटगीच्या कामातील असा हुकूम योग्य कारण दाखवून रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

दुसरी गोष्ट तडजोडीची. कुटुंब न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करावा असा कायद्याचाच आदेश आहे, आणि समुपदेशकांच्या साहाय्याने मोडू पाहणारे संसार सावरले तर त्याहून चांगले ते काय? परंतु समुपदेशक हा आपला वकील नव्हे. संमतीने झालेल्या हुकमावर अपील चालत नाही, आणि लोकअदालतीतील निवाडाही अंतिम असतो. पोटगीचा किंवा मुलांच्या ताब्याचा हक्क सोडून देणारा कागद पुढे आला, तर सही करण्यापूर्वी विधि सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला तो दाखवावा. “मला विचार करण्यास मुदत द्यावी,” असे न्यायाधीशांस नम्रपणे सांगण्यात काहीही गैर नाही.

तिसरी गोष्ट वसुलीची. हुकूम हाती पडला म्हणजे पैसे आले असे नव्हे. थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. संकोचाने किंवा आशेने हे वर्ष उलटू देऊ नये.

चौथी गोष्ट नेमलेल्या वकिलाची. त्याने पक्षकाराकडून फी किंवा अन्य मोबदला घेता कामा नये, असा नियम आहे. तो तारखेस येत नसेल, विचारल्यास उत्तर देत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी व दुसरा वकील मागावा. मोफत मिळाले म्हणून जे पदरी पडेल ते पवित्र मानण्याचे कारण नाही. अशा साहाय्यावर देखरेख ठेवण्यासाठी समित्या नेमण्याची तरतूद २०१० च्या विनियमांत केलेली आहे.

ज्या घरात मारहाण होते तेथील स्त्रीसाठी आणखी एक आधार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने तिला मोफत विधिसाहाय्याच्या हक्काची माहिती दिली पाहिजे व ते मिळवूनही दिले पाहिजे. ते त्याचे कर्तव्यच आहे.

या सर्व तरतुदींत एक उणीव मात्र राहतेच : हे साहाय्य आपल्या पायांनी घरी चालत येत नाही, ते मागावे लागते. जिला त्याची सर्वांत अधिक गरज असते, तिलाच पुष्कळदा त्याची वार्ता नसते. म्हणून ही माहिती ज्यांना आहे त्यांच्यावर थोडी जबाबदारी येते. शेजारची एखादी भगिनी डोळे पुसत आपली कहाणी सांगू लागली, तर तिचे सांत्वन जरूर करावे. पण तेवढ्यावर न थांबता तिला तालुक्याच्या न्यायालयातील त्या कार्यालयाचा पत्ता सांगावा, आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जावे. कोर्टाची पायरी एकट्याने चढणे कठीण असते. सोबत कोणी असले म्हणजे तीच पायरी ठेंगणी वाटू लागते.