तळं आणि तळण

वऱ्हाडात उन्हाळा येत नाही, तो मुक्कामालाच असतो. बाकीचे ऋतू त्याच्याकडे पाहुण्यासारखे येऊन जातात. २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन आले. आम्ही मात्र नेहमीप्रमाणे कूलरच्या टाकीत पाणी भरलं, पन्ह्याचा तांब्या माठाशेजारी ठेवला आणि दुपार काढली. अशा दिवसांत वऱ्हाडी माणसाला दोनच सुखं आठवतात. एक म्हणजे पाण्यात डुंबणं आणि दुसरं, पाण्याबाहेर आल्यावर काहीतरी तिखट, तळलेलं खाणं. उन्हाळ्यात तळण खाऊ नये असं डॉक्टर सांगतात, पण पोहून आलेल्या पोटाला डॉक्टर ओळखीचा नसतो.

ही खोड एकट्या वऱ्हाडाची नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया राज्यात गेन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे उन्हाळ्यात माणसं शेजारच्या लेक लॅनिअर या विस्तीर्ण जलाशयावर होड्या घेऊन जातात, पोहतात, बोटीमागे दोर धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ खेळतात आणि तळलेल्या कोंबडीवर ताव मारतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या नौकानयनाच्या शर्यती याच जलाशयावर झाल्या. गाव स्वतःला 'कुक्कुटपालनाची जागतिक राजधानी' म्हणवून घेतं. १९६१ साली तर तिथल्या नगरपालिकेनं तळलेली कोंबडी हातानंच खाल्ली पाहिजे, काट्या-चमच्यानं खाणं बेकायदेशीर, असा ठराव केला. २००९ साली गावात आलेल्या एका ९१ वर्षांच्या आजीबाईंना या कायद्याखाली गमतीनं 'अटक'ही झाली होती. वऱ्हाडात असा कायदा करावा लागला नसता. आपल्याकडे रस्सा-भाकर काट्यानं खाणाऱ्याला लोक अटक करणार नाहीत, पण त्याच्या घरी पोरगी देणार नाहीत!

सात समुद्रांपलीकडच्या त्या मुलखाशी आपलं नातं जुनं आहे आणि ते कापसाचं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाबरोबर सरकी आली आणि सरकीबरोबर तेल. सरकीच्या तेलात तळणं हे दोन्ही मुलखांनी आपापलं शोधून काढलं. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून तुपासारखा घट्ट स्निग्ध पदार्थ डब्यातून बाजारात आला. 'क्रिस्को' हे त्याचं नाव. दक्षिणेतल्या कित्येक स्वयंपाकघरांत कोंबडी त्यातच तळली गेली. आपल्याकडेही बाजाराच्या दिवशी भज्यांच्या कढईतून सरकीच्या तेलाचा वास येई, आणि भूक नसलेला माणूससुद्धा बाकड्यावर टेकत असे.

पुढे जॉर्जियात बोंडात शिरणाऱ्या सोंड्या किड्यानं कापसाची वाट लावली. हवालदिल शेतकऱ्यांना जेसी ज्युएल नावाच्या गेन्सव्हिलच्या खाद्यविक्रेत्यानं पिल्लं आणि खाद्य उधारीवर दिलं आणि वाढलेले पक्षी स्वतः परत विकत घेतले. आज ज्याला आपण कंत्राटी कुक्कुटपालन म्हणतो, त्याचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. बँकेत असताना मी कोंबड्यांच्या शेडसाठी कर्जप्रकरणं तपासली आहेत, त्यामुळे हा इतिहास मला परका वाटत नाही. आपल्याकडेही कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. सहा आठवड्यांच्या आत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो आणि किलोमागे ठरलेला पैसा हाती येतो. कापसापेक्षा हिशेब सुटसुटीत. अडचण एकच, ती म्हणजे मे महिना. एका कापूसवाल्यानं माझ्या टेबलासमोर बसून ती एका वाक्यात मांडली होती. "मॅडम, कापूस उनात फुटते अन् कोंबडी उनात मरते. मंग हप्ता कोनत्या उनात भरू?"

त्याचं खरं होतं. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नसतात. चोच उघडून धापा टाकणं हा तिचा एकमेव पंखा. म्हणून शेडच्या पत्र्यावर तुरकाट्या-पालापाचोळा टाकायचा, बाजूंना ओली पोती बांधायची, फवारे चालवायचे, दुपारचं खाद्य बंद करून ते पहाटे आणि रात्री द्यायचं, पाणी सतत थंड ठेवायचं. एवढं करूनही दुपारी वीज गेली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला. तळलेल्या तुकड्याचा लचका तोडताना हे आठवावं असं नाही, पण वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ताटातली कोंबडीसुद्धा पाण्याच्या जिवावरच ताटात येते, एवढं ध्यानात असू द्यावं.

गावरान कोंबडीचं तळण होत नाही. ती रश्श्याची, तिला दीड-दोन तास चुलीवर रटरटू द्यावं लागतं. ब्रॉयलर आली आणि रस्त्यारस्त्यावर चिकन पकोड्याची कढई लागली. आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून तुकडे तासभर मुरवायचे, बेसनात थोडी तांदळाची पिठी घालून घोळायचे, मध्यम आचेवर एकदा तळून काढायचे आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात पुन्हा सोडायचे. दोनदा तळणं हीच कुरकुरीतपणाची खूण. सोबत उभा चिरलेला कांदा आणि मिठातली तळलेली मिरची. धरणाच्या वाटेवर भोई मंडळींनी पकडलेली रोहू-कटला याच मसाल्यात तळतात. माळकरी आणि शाकाहारी कुटुंबांनी हिरमुसायचं कारण नाही. अमरावतीचा गिला वडा आणि शेगावची कचोरी त्यांच्यासाठीच आहे.

आता तळ्यांकडे वळू. आपली तळी मौजेसाठी बांधलेली नाहीत, ती तहानेसाठी बांधलेली आहेत. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खणली तरी पाणी खारं लागतं, म्हणून गोड पाण्याचं मोल इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अकोल्याजवळ पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावानं एकेकाळी शहराची तहान भागवली. पुढे ते काम महानच्या काटेपूर्णा धरणाकडे गेलं. अमरावतीला वडाळी आणि छत्री तलाव होते, नंतर शहराचं पाणी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येऊ लागलं. थोरली धरणं कामावर रुजू झाली आणि जुने तलाव आमच्यासारखे सेवानिवृत्त झाले. सेवानिवृत्तांच्या वाट्याला नातवंडं खेळवणं येतं, तसं त्यांच्या वाट्याला सहली, पक्षी पाहणं, नावेतली चक्कर आणि काठावरची भेळ आली. लेक लॅनिअरसुद्धा धरणामुळेच तयार झालेला जलाशय आहे आणि अटलांटा शहर त्यातलं पाणी पितं. फरक असा, की त्यांनी पिणं आणि खेळणं दोन्हींचे नियम लिहून ठेवले. चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलानं तरंगतं जाकीट घातलंच पाहिजे, हा जॉर्जियाचा कायदा आहे. आपल्याकडे महानच्या जलाशयाभोवती १९८८ पासून अभयारण्य आहे. ते पाणी बघायचं आणि प्यायचं. तिथे डुंबायचा हट्ट धरू नये.

मग डुंबायचं कुठे? आमच्या लहानपणी त्याचं उत्तर विहीर हेच होतं. शाळेला सुट्टी लागली की गावातले पोट्टे मळ्यातल्या विहिरीवर जमत. काका पायऱ्यांवर बसत. नवशिक्याच्या पाठीला तेलाचा रिकामा, झाळलेला डबा आणि कमरेला दोर. तीन-चार दिवसांनी डबा सुटे, आठवड्यानं दोर सुटे. काकांचा एकच नियम होता, "आधी पोह्य, मंग खाय." भरल्या पोटी कुणी पायरी उतरली की तो दिवसभर काठावर. संध्याकाळी घरी काकू कढईतून भजी काढत, आणि ज्यानं त्या दिवशी विहिरीच्या दोन फेऱ्या मारल्या त्याला पहिला घाणा.

आम्हा मुलींना घाणा मिळे, विहीर मिळत नसे. "पोरीच्या जातीनं हिरीत उड्या माराच्या काय?" आजीचा हा प्रश्न नसून निकाल होता. आणि गावात अशीही घरं होती, ज्यांच्या मुलांना त्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. पाणी सर्वांचं असतं हे वाक्य पाठ्यपुस्तकात होतं, विहिरीवर नव्हतं. मी पोहायला शिकले ती नोकरीत लागल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अमरावतीच्या एका तरणतलावात, बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये. पहिल्यांदा पाण्यावर उताणी पडून आकाश पाहिलं तेव्हा हसू आलं. इतकी सोपी गोष्ट आजीनं किती अवघड करून ठेवली होती! शेजारी एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "अवं, हे आपल्या मायबाईनं केलंच नाही न आयुष्यात." आम्ही दोघीही मग थोडा वेळ गप्पच राहिलो.

हे सारं आठवायचं कारण फार गोड नाही. दर एप्रिल-मे महिन्यात आपल्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. धरणावर पार्टीला गेलेली पाच-सहा मुलं, त्यांतली दोन परतली नाहीत. कोंबडी चुलीवर शिजत असते आणि कुणीतरी 'पाय ओले करून येतो' म्हणून उतरतो. दुसरा त्याला वाचवायला जातो. त्यालाही पोहता येत नसतं. देशात दर वर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरण पावतात, असं सरकारी नोंदी सांगतात.

विहिरी आटल्या, बुजल्या, आणि त्यांच्याबरोबर पायऱ्यांवर बसणारे काका गेले. पाणी मात्र नव्या रूपात गावोगाव आलं. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून शेततळी झाली. चांगलंच झालं, पण ज्या तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर आहे त्यांचा उतार ओला झाला की काचेसारखा निसरडा होतो. पडलेल्या मुलाला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. २०१७ पासून तलावांतला गाळ काढून शेतात नेण्याची योजना आली. तीही हिताची. पण जिथे यंत्रानं खोल खणलं तिथे पाण्याखाली खड्डा राहतो. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या पोराचं पुढचं पाऊल एकदम पुरुषभर पाण्यात पडतं. काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो ते वेगळंच. काठावर चार गाठी मारलेला दोर, एखादी हवा भरलेली ट्यूब आणि उतारावर बांधलेली शिडी, एवढ्यानं कितीतरी जीव वाचतील. कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही कुंपणाचा खर्च मांडला आहे का ते पाहायचो. दोराचा खर्च त्याहून कितीतरी कमी आहे.

खरा उपाय मात्र पोहायला शिकवणं हाच. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच उभारून, त्याच्या कठड्याच्या आत, मर्यादित खोलीच्या पाण्यात लहान मुलांना पोहणं आणि बुडणाऱ्याला काठावरून दोर किंवा काठी देऊन वाचवणं शिकवतात. त्याला ना फरशीचा तरणतलाव लागतो, ना मोठी इमारत. मेळघाटच्या बांबूवर आणि वडाळीच्या बांबू उद्यानावर अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मुलखाला हे जमू नये? ज्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि ज्या मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्या मुलखात शरीर कमावण्याची परंपरा नव्यानं शिकवायची गरज नाही. ती फक्त तालमीतून तळ्यापर्यंत न्यायची आहे, आणि या वेळी मुलींना सोबत घेऊन, कुणालाही पायरीवर न अडवता न्यायची आहे. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर मोर्णेतली जलकुंभी काढायला हातात फावडी घेऊन उतरलेच होते. पाण्यासाठी एकत्र येणं आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत सहलीचा बेत जरूर आखा. मसाला रात्रीच मुरवत ठेवा, कांदे जास्त घ्या, लिंबं विसरू नका. मात्र गाडी निघण्यापूर्वी एक प्रश्न सगळ्यांना विचारा, आपल्यातल्या किती जणांना पोहता येतं? हात वर झाले तर त्यांनी उपाशीपोटी, परवानगी असलेल्या जागी, एकाला काठावर दोर घेऊन बसवूनच उतरावं. आणि एकही हात वर झाला नाही, तर सर्वांनी काठावरच्या झाडाखाली सतरंजी टाकून कोंबडी हातानं खावी. तेही काही कमी सुख नव्हे. पोहायचं काय, ते घरी परतल्यावर जवळच्या तरणतलावात नाव घालून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिकता येतं. छत्तिसाव्या वर्षीसुद्धा येतं.